भूक भागली की थांबायचं

रत्नागिरीत माझी खानावळ आहे. रोज साठ-सत्तर ताटं वाढते आणि स्वतः एका वाटीत जेवते. दीड वर्षापूर्वी मुंबईत माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. दुर्बिणीतून जठराचा जवळजवळ ८० टक्के भाग काढला, केळ्याएवढी नळी उरली. ‘स्लीव्ह’ म्हणतात याला. तेव्हा वजन ११८ किलो होतं, आज ८१ आहे. नितीन गडकरींनी २०११ साली वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून हा विषय आपल्याकडे घरोघरी माहीत झाला. पण ऑपरेशन झालं म्हणजे सगळं आपोआप होतं, असा लोकांचा समज आहे. तसं नसतं. म्हणून माझा एक दिवस सांगते.

पहाटे ५.३०

उठल्यावर पाणी, तेही घोट घोट. तांब्या तोंडाला लावून पिणं आता होत नाही. अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या भरून ओट्यावर ठेवते, रात्रीपर्यंत त्या संपवायच्या. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात शेगडीसमोरचं काम. तहान लागेपर्यंत थांबलं तर राहिलेलं पाणी एकदम पिऊन भरून काढता येत नाही, कारण ते मावतच नाही.

६.३०

मिरकरवाडा बंदर. सध्या बांगडा भरपूर आहे. खानावळीसाठी टोपली भरते आणि माझ्यासाठी सुरमईचा एक तुकडा वेगळा बांधून घेते. “ताई, एकच?” हा प्रश्न ठरलेला. मला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात घालायची आहेत. जागा एवढीशी, म्हणून पहिला मान त्यांचा. शंभर ग्रॅम मासळीतून वीसेक ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा. भात-भाकरी नंतर, जागा उरली तर. प्रथिनं कमी पडली की वजनाबरोबर अंगातली ताकदही जाते. सुरुवातीच्या महिन्यांत केस मूठमूठ गळले, तेव्हा फार घाबरले होते. पुढे ते थांबलं.

८.००

एक उकडलेलं अंडं आणि मुगाच्या धिरड्याचा चतकोर. घास नखाएवढा. तोंडात त्याचं पीठ होईपर्यंत चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग दुसरा. एवढ्याशा नाश्त्याला वीस मिनिटं लागतात. नंतर जीवनसत्त्वांची आणि लोहाची गोळी. कॅल्शियम दुपारी, कारण दोन्ही एकत्र घेतली तर लोह अंगी लागत नाही. या गोळ्या जन्मभराच्या आहेत आणि वर्षाला रक्ततपासणीही. जठर कापलं की बी-१२ शोषून घेण्याची सोयही कमी होते.

१०.३०

आमटी उकळते आहे, बांगड्याच्या तिखल्यात त्रिफळं पडली आहेत. स्वयंपाक करणाऱ्या बाईला मिठाची चव तर बघावीच लागते. पूर्वी पळीभर आमटी, भाजीचा घास, तळणीतला एखादा तुकडा असं बारापर्यंत माझं अर्धं जेवण उभ्यानेच झालेलं असायचं. आता तळहातावर चार थेंब घेते आणि जिभेला लावते. बाकीची चव मदतनीस मुलगी बघते. “काकी, मीठ बरोबर आहे,” म्हणाली की मी विश्वास ठेवते. तो ठेवायला मला सहा महिने लागले.

१.००

गर्दीची वेळ. एस.टी.चे वाहक, एमआयडीसीतले कामगार, कॉलेजची मुलं. या वेळेत मी काहीही खात नाही. ऑपरेशनला तीन महिने झाले असतील. दोन पंगतींच्या मध्ये बांगड्याचा तुकडा आणि भाकरी घाईघाईने तोंडात टाकली. छातीच्या मधोमध दगड बसावा तसं झालं. तोंडात फेसाळ लाळ भरत राहिली. मागच्या दाराशी पायरीवर बसून राहिले, पाऊण तास. शेवटी उलटून पडलं तेव्हा श्वास मोकळा झाला. त्यानंतर उभ्याने घास घेतलेला नाही.

२.४५

आता माझं जेवण. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर बसते. पाणी सव्वादोनलाच थांबवलं आहे, आणि जेवल्यावरही अर्धा तास घ्यायचं नाही. नळीत आधी अन्न असताना वरून पाणी आलं की दाब वाढतो, मळमळतं.

स्टीलची एक वाटी, लग्नात रुखवतात आलेली. तळाला सुरमई, वर थोडी वालाची उसळ, कडेला दोन चमचे मऊभात. याच क्रमाने खाते. दहा-बारा घास झाले की खूण येते. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते. माझं नाक ओलं होतं. आणि बरगड्यांच्या मधोमध, अगदी हलकं, कुणी बोट टेकवल्यासारखं वाटतं. ती खूण म्हणजे भूक भागली. ‘पोट भरलं’ हे त्यानंतर तीन-चार घासांनी येतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. ऑपरेशनने मला लहान पोट दिलं. भूक भागणं आणि पोट भरणं यांतलं अंतर मात्र माझं मलाच ओळखायचं होतं. वाग्भटांनी ‘अष्टांगहृदया’त सांगून ठेवलं आहे: जठराचे दोन भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक मोकळा. तो मोकळा भाग मला आयुष्यात पहिल्यांदा कळतो आहे.

आज वाटीत भात उरला. चमचा ठेवला.

४.३०

ही वेळ अवघड. पोटात भूक नसते, पण डोक्यात असते. खरी भूक हळूहळू येते आणि तिला काहीही चालतं. डोक्यातली अचानक येते आणि तिला नेमकं फरसाणच हवं असतं. भूक लावणारं घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. तो भाग काढल्याने पहिलं वर्ष सोपं गेलं. आता जुनी हाक पुन्हा ऐकू येते. शिवाय फरसाण, आइस्क्रीम, आमरस हे नळीतून सरसर खाली जातं, खूणच देत नाही. वाटीभर सुरमई अडते, वाटीभर आमरस अडत नाही. वजन परत येतं ते याच वाटेने. म्हणून मी ताक घेते, दहा मिनिटं अंगणात फिरते. बहुतेक वेळा निभावतं.

७.३०

रात्रीचं जेवण लवकर, कारण भरल्या नळीने आडवं झालं की घशाशी जळजळतं. सासूबाई समोर बसतात. पहिल्या वर्षी रोज म्हणायच्या, “गो, एवढ्यानं काय होतंय? चिमणीचा घास तो!” मला वाटायचं, यांना समजत नाही. खरं तर त्यांच्याकडे माया दाखवायची एकच रीत होती, वाढणं. माझीही तीच होती, ६० ताटांमधून. हल्ली त्या माझ्या वाटीत स्वतः वाढतात: आधी पनीर, मग भाजी, भात शेवटी. आणि पळी मागे घेऊन विचारतात, “नाक ओलं झालं काय?”

१०.००

शेवटची बाटली रिकामी. उद्याच्या डाळी भिजत घातल्या. खानावळीच्या फळ्यावर गेल्या महिन्यापासून एक ओळ जास्त आहे: ‘अर्धं ताट मिळेल.’ आज अकरा जणांनी मागितलं. त्यातल्या एका आजोबांनी भातावर हात आडवा धरला, तेव्हा माझ्या तोंडून सवयीने “थोडा तरी” निघणार होतं. पळी तशीच मागे घेतली.

वाटी घासून पालथी घातली. झोपते.