नमुना सही

परभणी स्टेशनावर तपोवन एक्स्प्रेसमध्ये बसलो, तेव्हा पिशवीत अक्कासाठी घेतलेली पैठणी होती आणि खिशात नाशिकपर्यंतचं तिकीट. अक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून मला तिनंच वाढवलं. तिच्या सहस्रचंद्रदर्शनाला ८१ दिव्यांनी ओवाळायचं होतं आणि पहिलं तबक धरायचा मान माझ्या बायकोचा होता.

मानवत रोड मागे पडलं. बायकोनं चहाचा कप पुढे केला. मी उजव्या हातात घेतला आणि तो सरळ मांडीवर पडला. हात माझाच होता, पण माझं ऐकत नव्हता. "सांडला गं" म्हणायला गेलो, तर तोंडातून भलतंच काहीतरी निघालं. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला दोन शब्द जुळवता येईनात!

समोर कृषी विद्यापीठात शिकणारी एक मुलगी बसली होती. जालन्याला घरी निघालेली. ती म्हणाली, "काका, हसून दाखवा बरं. आता दोन्ही हात वर करा." माझ्या तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता आणि उजवा हात वर जात नव्हता. हे ती प्रथमोपचाराच्या शिबिरात शिकली होती.

गंमत अशी, की सेलू येईपर्यंत सगळं पूर्ववत झालं. हात उचलला, बोललो, सर्वांचे आभारही मानले. "पित्त असेल, पुढे जाऊ," मी म्हणालो. पण बायकोनं सामान आधीच खाली काढलं होतं. "अहो, अक्का वाट पाहतील. पण तुम्ही धड असाल तर!" गाडी निघून गेली आणि आम्ही फलाटावर १०८च्या रुग्णवाहिकेची वाट पाहत बसलो. राज्यात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. ती आपल्याला कधी लागेल, असं मनात कधी आलं नव्हतं.

परभणीच्या दवाखान्यात आधी सीटी स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव नाही, हे पाहूनच रक्त पातळ करणारी गोळी द्यायची असते. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. म्हणाले, "काका, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी क्षणभर अडकली आणि आपोआप सुटली. याला मिनी स्ट्रोक म्हणतात. बरं वाटतंय, हाच यातला फसवा भाग. खऱ्या झटक्याची भीती पुढच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असते."

वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं, म्हणून सांगतो. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही अचानक झालं, तर ते थांबलं तरी दवाखाना गाठावा. वेळही बघून ठेवावी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आमच्याकडे "थोडी विश्रांती घ्या" म्हणण्यातच ते तास निघून जातात.

दोन दिवसांनी घरी आलो. गळ्याच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी ठीक निघाली. राहिला तो होल्टर. छातीला तारा आणि कमरेला डबी लावून २४ तास हृदयाचे ठोके नोंदवायचे. ठोके अनियमित असले, तर हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते. अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी हे यंत्र प्रथम बनवलं, तेव्हा ते पस्तीस-चाळीस किलोंचं होतं आणि पाठीवर बांधावं लागे. माझी डबी तळहातावर मावत होती, तरी ओझं काही कमी वाटलं नाही. अहवाल छत्रपती संभाजीनगरच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेला. "दहा दिवसांनी या. तोवर प्रवास नको."

हे दहा दिवस जाता जात नव्हते. अशा वेळी जिंतूरच्या शाखेतला एक शेतकरी आठवला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कापूस विकून मिळालेला मुंबईचा चेक त्यानं खात्यात भरला होता. बाहेरगावचा चेक वसुलीला पाठवला, की तेव्हा दोन-तीन आठवडे सहज लागत. तो रोज यायचा. "साहेब, आले का पैसे?" मी मान वर न करता म्हणायचो, "अजून नाही. पुढच्या आठवड्यात या." नियमानं मी बरोबरच होतो. पण त्याच्या घरी लग्न होतं की आजारपण, हे मी कधी विचारलं नाही. आता दवाखान्यात फोन करून "अहवाल आला का?" विचारतो आणि तिकडची मुलगी म्हणते, "अजून नाही, काका." तेव्हा त्या माणसाचा चेहरा दिसतो. निदान "बसा, पाणी घ्या," एवढं तरी म्हणायला हवं होतं.

रोज सकाळी एक उद्योग करतो. कोऱ्या कागदावर सही करतो आणि पासबुकातल्या जुन्या सहीशी ताडून पाहतो. नोकरीत हजारो सह्या नमुन्याशी जुळवल्या. आता स्वतःची जुळवतो. परवा शेवटचं अक्षर जरा हललं होतं. बायकोनं ते पाहिलं आणि काही न बोलता कागद घडी करून ठेवून दिला.

समारंभाच्या दिवशी अक्काचा फोन आला. मी माफी मागू लागलो, तर तिनं मध्येच तोडलं. "हजार चंद्र बघायला मी ऐंशी वर्षं थांबले. तुला दहा दिवस थांबवत नाही का रे?" मग हळूच म्हणाली, "एक तबक बाजूला ठेवलंय. आलास की ओवाळू."

उद्या डॉक्टरांची तारीख आहे. अहवालात काय असेल, ते उद्याच कळेल. पैठणी अजून त्याच पिशवीत आहे. बायकोनं ती पिशवी कपाटात ठेवलेली नाही, दाराजवळच ठेवली आहे.