पाटल्या, जीप आणि आमच्या गटाची गाडी

आमच्या परसात सीताफळाच्या झाडाखाली एक जीप उभी आहे. उभी म्हणजे चारही चाकं कधीच बसलीत, आत कोंबड्या अंडी घालतात. लग्न होऊन आले तेव्हापासून ती तशीच पाहतेय. भंगारवाला दर दिवाळीला विचारून जातो आणि सासूबाई त्याला चहा पाजून परत पाठवतात. का, ते मला गेल्या वर्षी कळलं, आणि तेही आमच्या बचत गटाच्या भांडणामुळे!

झालं असं, आमच्या गटाचे मसाले आणि पापड आता आसपासच्या पाच-सहा गावांत जातात. रिक्षाभाड्यात नफा जायला लागला, म्हणून 2025 च्या पावसाळ्यात ठरवलं की कर्ज काढून छोटी मालगाडी घ्यायची. पण पेट्रोलची की डिझेलची? सीएनजीचा पंप आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर, म्हणजे तो विषयच संपला. खजिनदार बाईंचं मत पक्कं, "डिझेलच घ्या. स्वस्त पडतं, सगळं जग सांगतं." डिझेलची गाडी मात्र लाखभर रुपयांनी महाग. तर एक मैत्रीण पटकन म्हणाली, "माझ्या पाटल्या ठेवते गहाण, नंतर सोडवू."

सासूबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या. हातातलं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "माझ्याही गेल्या होत्या. त्या जीपमध्येच आहेत."

मामंजींनी ती जीप घेतली तेव्हा ती पेट्रोलची होती. महिंद्राच्या त्या जुन्या जीपमध्ये अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या बनावटीचं 2.2 लिटरचं इंजिन असायचं. लिटर म्हणजे टाकी नव्हे बरं का, इंजिनाच्या चार सिलिंडरांचं मिळून पोट किती मोठं ते. पोट मोठं की भूकही मोठी. लिटरला सात किलोमीटर जेमतेम. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत जगात कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. पुढे मामंजी जीप फक्त लग्नाकार्याला काढू लागले. शेवटी सासूबाईंच्या दोन पाटल्या विकून जीपमध्ये सेकंडहँड डिझेल इंजिन बसवलं. गावोगावच्या गॅरेजांत तेव्हा हा धंदाच होता. जुनं पेट्रोल इंजिन काढायचं, डिझेलचं घालायचं, आरटीओत नोंद बदलायची. त्यानंतर ती जीप बाजारच्या दिवशी माणसं वाहू लागली आणि दोघा नणंदांची लग्नं तिनेच काढली. पाटल्या मात्र परत झाल्या नाहीत.

आपल्याकडे जीप, तसं अमेरिकेत त्यांच्या अवाढव्य मोटारींचं झालं. कॅडिलॅकच्या एका गाडीत 1970 पासून 8.2 लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. आठ लिटर! आपल्या आजच्या छोट्या मोटारीची सात-आठ इंजिनं एकात मावतील. तेल महागलं, 1975 साली तिथल्या सरकारने मायलेजचा कायदा केला आणि ही इंजिनं आक्रसत गेली.

मी बी.ए. मराठी. इंजिनातलं मला काय कळणार? म्हणून गॅरेजवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी सायकलचा पंप हातात दिला, पुढचं तोंड बोटाने दाबून जोरात मारायला लावला. पंपाचं बूड तापलं. "बघा ताई, हवा दाबली की तापते. डिझेल इंजिन म्हणजे हेच. हवा इतकी दाबायची की वरून डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. पेट्रोलला मात्र लायटर लागतो, तो म्हणजे स्पार्क प्लग." रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाचं इंजिन 1897 साली चाललं. 1900 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर त्याच्या जातीचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं! दाब जास्त म्हणून थोड्या इंधनात काम जास्त. पण तो दाब सोसायला इंजिन जाड, जड आणि महाग करावं लागतं.

शिवाय आपल्याकडे डिझेल स्वस्त ठेवलं गेलं, कारण ट्रॅक्टर, ट्रक आणि एसटी त्यावर चालते. मे 2012 मध्ये मुंबईत पेट्रोल 78 रुपयांच्या पुढे आणि डिझेल 45 च्या आसपास होतं. शेतकऱ्याच्या नावाची ही सवलत शहरातल्या मोठमोठ्या गाड्यांनीही मजेत वापरली, हे मला आजही खटकतं. त्यात 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा लहान आणि पेट्रोल असेल तर 1200 सीसी, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंतच्या मोटारींचा अबकारी कर 24 वरून 16 टक्क्यांवर आणला. मग मोठं पेट्रोल इंजिन घेणार कोण? कंपन्यांनी गाड्याच त्या मापात शिवल्या. जीएसटीतही छोट्या मोटारीचं माप हेच राहिलं.

पण चाचा म्हणाले, "ताई, तुमच्या खजिनदार बाई जुन्या काळात आहेत." आणि खरंच, चक्र फिरलंय. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव बाजारावर सोडले गेले आणि तफावत आटली. 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. आमच्या स्टँडबाहेर भाजी विकणाऱ्या बायका दिवसभर तो धूर गिळतात. त्यांचा खोकला मी आरोग्य शिबिरात ऐकलाय. एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे नियम आले. मोटारींच्या डिझेल इंजिनांना काजळी अडवणारी गाळणी लावावी लागली. ती गाळणी तापली की आतली काजळी जळून जाते, पण त्यासाठी गाडी लांब पल्ल्याला सलग धावायला हवी. गावातल्या गावात फिरली की ती तुंबते, आणि बदलायचा खर्च ऐकून भोवळ येते. मारुतीने तर त्याच महिन्यापासून डिझेल मोटारी बंद केल्या. एकेकाळी निम्म्याहून जास्त नव्या मोटारी डिझेलच्या विकल्या जायच्या, आता पाचांत एखादी.

मग वही काढली. आमचं धावणं महिन्याला सहाशे किलोमीटर. पेट्रोलची गाडी लिटरला 15 धरली तर 40 लिटर, 104 च्या भावाने 4160 रुपये. डिझेलची 20 धरली तर 30 लिटर, 91 ने 2730. वाचले 1430. वर्षाचे सतरा हजार. डिझेलच्या गाडीचे जास्तीचे एक लाख दहा हजार फिटायला सहा वर्षं उलटून जातात, व्याज वेगळंच. कर्ज तर पाच वर्षांचं! दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर धावणाऱ्याला डिझेल आजही परवडेल, तुम्ही आपापलं धावणं मोजून बघा. आम्हाला ते परवडणारं नव्हतं. खजिनदार बाईंनी बेरीज दोनदा तपासली, चूक सापडली नाही, तरी त्यांचं तोंड चार दिवस वाकडं होतं.

गाडी पेट्रोलची आली. मैत्रिणीच्या पाटल्या तिच्या हातातच राहिल्या; गाडीला हळदकुंकू लावताना किणकिणत होत्या. सासूबाई काठी टेकत आल्या. गाडी चालू केली तर म्हणाल्या, "झाली का सुरू? आवाज कुठाय?" मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "लिटरला किती देते गं?"

"पंधरा."

"आमची सात द्यायची," असं म्हणून त्या परसाकडे अंडी गोळा करायला गेल्या.