तंबोरा सांगून करवितांना

संगीताची आवड असलेल्या घरांत केव्हां ना केव्हां एक प्रश्न उभा राहतो. मुलगी चार-पांच वर्षें गाणें शिकली आहे, आतां घरांत स्वतःचा तंबोरा हवा. तो कोठें आणि कसा सांगून करवावा? पेटी दुकानांतून उचलून आणतां येते. विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी तर क्षणांत सूर देते आणि रोजच्या मेहनतीस ती सोयीचीही आहे. परंतु तारेला कान लावून, खुंटी पिळून, मणी सरकवून सूर जुळविण्याचें शिक्षण तिच्यांत नाहीं. आणि गाणाऱ्याचा कान पुष्कळसा त्या जुळवणींतच घडतो. म्हणून खऱ्या तंबोऱ्याची गरज अद्याप संपलेली नाहीं.

नांदेड-लातूरकडील रसिकांना या कामीं मिरजेची वाट धरणें सोयीचें. लातूरहून मिरजेस जाणारी रेल्वे तंबोऱ्याच्या मुलखांतूनच जाते. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी वाट १९०६ मध्यें पंढरपुरास, १९११ मध्यें लातुरास आणि १९२७ मध्यें मिरजेस पोंचली. आज ती रुंद रुळांची झाली आहे. याच पंढरपूरच्या आसपास पिकणारा कडू भोपळा वाळून मिरजेस जातो आणि तेथें त्याचे तंबोरे व सतारी होतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धन संस्थानिकांच्या अमदानींत, फरीदसाहेब शिकलगार यांनीं हा उद्योग तेथें रुजविला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांचे दिवस सरले, तेव्हां त्या हातांनीं वाद्यें घडविण्यास आरंभ केला. पुढें खांसाहेब अब्दुल करीमखां मिरजेस राहिले. १९३७ मध्यें ते वारले आणि तेथेंच त्यांची समाधि आहे. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्यें भौगोलिक मानांकनही मिळालें.

कारागिराच्या दुकानांत शिरलेलें गिऱ्हाईक बहुधा पहिली चौकशी नक्षीची करतें. पानें किती, वेलबुट्टी कशी, लाकडाची रेषा कशी दिसेल? वास्तविक पहिलें सांगावयाचें तें हें कीं, गाणाऱ्याचा षड्ज कोणता. पुरुषांचा स्वर बहुधा काळी एक-दोनच्या आसपास असतो, स्त्रियांचा काळी चार-पांचच्या. खालच्या स्वराला मोठा भोपळा आणि तारेची अधिक लांबी लागते. मर्दानी तंबोरा उंच व भरदार, जनानी त्याहून लहान, असा भेद पडला तो याच कारणानें. मोठा दिसतो म्हणून मुलीसाठीं मर्दानी तंबोरा घेतला, तर तारा तिच्या स्वरापर्यंत ताणाव्या लागतात. त्या तुटतात, आणि आवाजही आवळल्यासारखा येतो.

लाकडाच्या शोभेविषयींही थोडा विवेक हवा. पाश्चात्त्य देशांत हौशी वादक खर्जाची विजेची गिटार, म्हणजे बास गिटार, कारागिराकडून सांगून करवून घेतात आणि तिच्या दर्शनी अंगास मेपल किंवा अक्रोडाची लहरी रेषांची पातळ फळी बसवितात. तेथें तें खपतें. कारण त्या वाद्याचें अंग बहुधा भरीव असतें आणि पोलादी तारेचें कंपन चुंबक टिपून घेऊन विजेच्या साहाय्यानें मोठें केलें जातें. तंबोऱ्याला असा बाहेरचा आधार नाहीं. घोडीवरचें कंपन तबलीवर उतरतें, तबली भोपळ्यांतील हवा हालविते, आणि तोच आवाज आपल्या कानीं येतो. म्हणून तबली व दांडी यांसाठीं तुनीचें हलकें, तांबूस, नीट वाळलेलें आणि सरळ रेषांचें लाकूड मागावें. गांठीचें किंवा वळणदार रेषांचें लाकूड डोळ्यांस सुंदर दिसलें तरी लांब दांडींत पीळ खाण्याचा धोका त्यांत अधिक. हौस भागवावयाची ती कडेच्या पट्ट्यांवर व पानांवर भागवावी. पूर्वी तेथें हस्तिदंत असे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यांतील पुढील दुरुस्त्या यांनीं त्याचा व्यापार बंद झाला, आणि आतां सेल्युलॉइडसारखे पदार्थ वापरतात. त्यानें स्वराचें कांहींही बिघडत नाहीं.

तंबोऱ्याचा जीव आहे जवारींत. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अतिशय मंद असा उतार दिलेला असतो. कांपणारी तार त्या उतारास चाटून जाते; त्यामुळें तिच्या मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर पुनःपुन्हां जागे होतात. एरवीं जे उपस्वर छेडण्याच्या जागेमुळें दबले असते, तेही येथें ऐकूं येतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ च्या सुमारास दाखवून दिलें. खर्जाच्या तारेंतून गंधार आपोआप ऐकूं येतो, तो तिचा पांचवा उपस्वर होय. तारेखालीं सरकविलेला सुताचा बारीक धागा म्हणजे या उताराची शेवटची जुळवणी. म्हणून वाद्य ताब्यांत घेतांना ज्याला गावयाचें आहे त्यानें तेथें बसावें, आपल्या षड्जांत चारही तारा लावून घ्याव्या, एकेक तार निराळी छेडावी आणि तिचा नाद अखंड चालतो कीं मध्येंच खरखरतो, हें ऐकावें. ही कसोटी चित्रावरून किंवा पत्रानें होत नाहीं.

तंबोरा घरीं आणतांना तारा ढिल्या कराव्या व भोपळ्यास मऊ आधार द्यावा. आपल्याकडे मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि पावसाळ्यांत हवा एकाएकीं ओलावते. या फरकानें लाकूड आकसतें, फुगतें आणि सांधे सुटतात. उन्हाची भिंत आणि पाण्याच्या कूलरचा झोत, दोन्हींपासून वाद्य दूर ठेवावें.

तारांच्या घर्षणानें घोडीवर चरे पडतात आणि कांहीं वर्षांनीं जवारी पुन्हां काढावी लागते. तें काम जाणत्या हाताचेंच. आज हे हात थोडे उरले आहेत, आणि मागणी राहिली तरच कारागिराचा मुलगा हे हत्यार हातीं धरील. म्हणून कारागिरास घाई करूं नये, भोपळा व लाकूड वाळण्यास लागेल तो वेळ द्यावा, आणि जवारीसाठीं वाद्य पुन्हां त्याच्याकडेच न्यावें.