कूड आणि भिंत

‘घराचे भाग सांगा’ म्हटले, की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडची मुलेही दिवाणखाना, माजघर, देवघर असे पाठ केलेले शब्द सांगतात. हे वाड्याचे शब्द. मी ज्या घरात वाढलो त्यात यांतले एकही नव्हते.

आमचे शब्द निराळे. बांबू फाडून विणलेला, माती-शेणाने लिंपलेला तो कूड. आढ्यावरून उतरतात ते वासे, त्यांवर कवेलू. पुढे छपरी, मागे सांदवाडी.

कुडाचा बांबू जंगलातला. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला ‘झाड’ ठरवले. राखीव जंगलात परवानगीवाचून तो तोडणे गुन्हा झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानले आणि २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला. म्हणजे ‘कूड’ या एका शब्दात जंगल कोणाचे, हा प्रश्न दडलेला आहे.

सरकारी कागद या सगळ्याला ‘कच्चे घर’ म्हणून मोकळा होतो. पक्के घर आम्हाला हवेच. गळक्या छपराचे कौतुक कोणी आम्हाला सांगू नये. पण ज्या हातांनी कूड विणला त्यांची भाषा कच्ची नव्हती. विद्यार्थ्यांनो, हे शब्द आईला विचारा आणि वहीत लिहा.