विश्लेषण : जुनी फेरारी विकत घेण्यापेक्षा सांभाळणे कठीण का असते?

सचिन तेंडुलकरची लाल फेरारी मराठी वाचकांना वेगळी सांगायला नको. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्यावर २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते ही '३६० मोडेना' त्याला मिळाली. मग सुमारे १ कोटी १३ लाखांच्या आयात शुल्कमाफीवरून वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले, अखेर फियाटने शुल्क भरले. २०११ मध्ये ही गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने घेतली. चर्चा झाली ती शुल्काची आणि किमतीची. अशी गाडी वीस-तीस वर्षे धावती ठेवायला काय लागते, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. त्याचे उत्तर शोधायचे तर '३६०'च्या आधीच्या पिढीतील 'एफ३५५'चे बॉनेट, खरे तर मागचे झाकण, उघडून पाहावे लागते.

'एफ३५५' ही कोणती गाडी?

१९९१ मध्ये लुका दि मॉन्टेझेमोलो फेरारीचे प्रमुख झाले, तेव्हाची '३४८' ही गाडी त्यांना अजिबात आवडली नव्हती. तिच्या जागी १९९४ मध्ये 'एफ३५५' आली आणि १९९९ पर्यंत बनत राहिली. साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, म्हणून नाव ३५५. एकूण ४० व्हॉल्व्ह, ३८० अश्वशक्ती आणि मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांपर्यंत फिरण्याची तयारी. अशा सुमारे ११ हजार गाड्या बनल्या. फेरारीच्या हिशेबात हा आकडा मोठा आहे. त्यामुळेच २०१०च्या आसपास अमेरिकेत यातील बऱ्याच गाड्या ५० हजार डॉलरच्या आसपास मिळत. नवी असताना किंमत सव्वा लाख डॉलरच्या पुढे होती. म्हणजे पगारदार माणसालाही 'आपणही घेऊ शकतो' असे वाटू लागले. फसगत तिथेच सुरू झाली. गाडीची किंमत निम्म्याहून खाली आली तरी तिच्या सर्व्हिसिंगचे बिल नव्या फेरारीचेच राहिले.

पट्टा बदलायला अख्खे इंजिन का उतरवतात?

इंजिनातील व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी उघडावेत-मिटावेत यासाठी टायमिंग बेल्ट असतो. रबरी, दातेरी पट्टा. अनेक साध्या मोटारींतही तो असतो आणि मेकॅनिक बॉनेट उघडून बाजूने हात घालून तो बदलतो. 'एफ३५५'मध्ये इंजिन आसनांच्या मागे, लांबीच्या दिशेने बसवलेले आहे आणि पट्ट्यांची बाजू नेमकी आसनांमागच्या भिंतीकडे. हात जाईल एवढीही जागा तिथे नाही. त्यामुळे गाडी लिफ्टवर घ्यायची, तेल आणि कूलंट काढायचे, नळ्या-वायरी सोडवायच्या, इंजिन, गिअरबॉक्स व मागचे सस्पेन्शन ज्या सांगाड्यावर आहेत तो एका टेबलावर टेकवायचा आणि वरची गाडी उचलून घ्यायची. इतके झाल्यावर दोन रबरी पट्टे दिसतात.

पट्ट्यांची स्वतःची किंमत या कामात किरकोळ असते. बिल होते ते मजुरीचे. अमेरिकेत या 'मेजर सर्व्हिस'ला साधारण आठ ते पंधरा हजार डॉलर लागतात, म्हणजे सात ते तेरा लाख रुपये. एवढ्यात आपल्याकडे एक नवी छोटी मोटार येते.

हे काम टाळता येत नाही. पट्टा तुटला तर पिस्टन वर येताना उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. किलोमीटर कितीही कमी झालेले असोत, पट्टे तीन वर्षांनी बदलावेत असा जुना दंडक आहे. काही जाणकार पाच वर्षेही चालवून घेतात. पाच वर्षांत दोनच हजार किलोमीटर चाललेली गाडी असेल तर मालकाला हा खर्च फारच टोचतो. पण रबर धावण्याने जेवढे झिजते, त्याहून जास्त वयाने कडक होते.

याच गाडीत क्लच मात्र अगदी मागच्या टोकाला, सहज हाताशी येईल असा आहे. तो बदलायला इंजिन हलवावे लागत नाही. मेकॅनिकची काळजी कंपनीला होती, फक्त ती अर्ध्याच गाडीपुरती, असे म्हणायला हरकत नाही. '३६०'मध्ये आसनांमागे काढता येणारे झाकण दिले गेले आणि पट्टे आतून बदलता येऊ लागले. २००४ च्या 'एफ४३०'मध्ये तर पट्ट्यांऐवजी साखळी आली.

'उतरवलेच आहे तर…' म्हणजे काय?

जुन्या घराचे प्लास्टर काढल्यावर नळ बदलावासा वाटतो, मग वायरिंग, मग फरशी. इंजिन खाली आले की नेमके तेच होते. पट्टे बदलतोच आहोत तर त्यांचे टेन्शनर बेअरिंग घ्या, तेलाचे सील घ्या, पाण्याचा पंप पाहा. पेट्रोलच्या नळ्या पंचवीस वर्षांच्या झाल्या असतील तर त्या बदलाच. ही शेवटची सूचना मानलीच पाहिजे, कारण तापलेल्या इंजिनावर गळणाऱ्या पेट्रोलने अशा गाड्या जळालेल्या आहेत.

'एफ३५५'ची दोन खास दुखणी आहेत. धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पातळ नळ्यांना तडे जातात. ते उष्णतारोधक आवरणाखाली असल्याने दिसत नाहीत, फक्त आवाज बदलतो. दुसरे दुखणे व्हॉल्व्ह गाइडचे. सुरुवातीच्या गाड्यांत ते ब्राँझचे होते आणि लवकर झिजत. पुढे कंपनीने पोलादी वापरले. निळसर धूर आणि तेलाचा वाढता खप ही त्याची खूण. म्हणून खरेदीआधी कॉम्प्रेशन आणि लीकडाउन चाचणी करून घेतली जाते. रंग कितीही चकचकीत असो, जाणकार ग्राहक आधी पावत्यांची फाइल मागतो आणि त्यात इंजिन शेवटचे कधी उतरले ती तारीख शोधतो.

गाडी उभी राहूनही का बिघडते?

डॅशबोर्डवरील बटणांना त्या काळी मऊ, रबरी स्पर्शाचा लेप देत. वीस वर्षांत तो वितळल्यासारखा होतो आणि बोट लावले की गुळाच्या पाकात बुडाल्यासारखे चिकटते. हा लेप काढून बटणे नव्याने रंगवून देणे हा परदेशात अनेकांचा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. डॅशबोर्डचे चामडे आक्रसून कडांना सुटते. टायरची नक्षी शाबूत असते, पण बाजूवर छापलेला आठवडा-वर्षाचा चार आकडी क्रमांक पाहिला की ते दहा वर्षांचे निघतात आणि वेगात त्यांचा भरवसा उरत नाही. बॅटरी उतरते, सील सुकून तेल पाझरू लागते.

त्यामुळे 'कमी चाललेली' म्हणून जास्त किमतीला घेतलेली गाडी पहिल्याच वर्षी जास्त खर्च काढते. नियमित चालणारी, थोडी ओरखडलेली गाडी बहुधा निरोगी असते. बाजार मात्र अजूनही किलोमीटरलाच भाव देतो.

इलेक्ट्रॉनिक्सचा प्रश्न याहून अवघड आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याची सूचना देणारा 'स्लो डाउन' दिवा अनेकदा खोटाच लागतो, कारण गाडीत नसून तिच्या नियंत्रण मॉड्यूलमध्ये बिघाड असतो. पट्टा नवा बनवता येतो, चामडे शिवता येते. तीस वर्षांपूर्वीचे सर्किट बनवणारा कारखाना कधीच दुसऱ्या कामाला लागलेला असतो. वीस वर्षांवरील गाड्यांची अस्सलता तपासून प्रमाणपत्र देणारा 'फेरारी क्लासिके' विभाग मारानेल्लोत २००६ पासून आहे. प्रमाणपत्राने किंमत वाढते, पण रोजच्या दुरुस्त्यांसाठी लागतो तो अशा पाच-पन्नास गाड्या उघडलेला कारागीर. त्यांच्या पिढीचेही वय झाले आहे.

भारतात अशी गाडी ठेवणे शक्य आहे का?

नवी घेऊन म्हातारी होऊ देणे शक्य आहे. म्हातारी आणणे जवळपास अशक्य. सर्वसाधारण नियमाने तीन वर्षांपेक्षा जुनी मोटार आयात करता येत नाही. तेंडुलकरची गाडी आली तेव्हा देशात फेरारीची अधिकृत विक्रीही नव्हती. ती २०११ मध्ये सुरू झाली.

पंधरा वर्षे झाली की आरटीओत पुनर्नोंदणी, महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर. आयात मोटारींसाठी पुनर्नोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्ये ४० हजार रुपये झाली आणि वीस वर्षांवरील आयात मोटारींसाठी २०२५ मध्ये ती ८० हजारांवर गेली. 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळण्यासाठी २०२१ च्या नियमांनुसार गाडी ५० वर्षांची असावी लागते. म्हणजे २००२ ची गाडी त्या रांगेत २०५२ मध्ये उभी राहील. तोवर कायद्याच्या लेखी ती वारसाही नाही आणि नवीही नाही, नुसती जुनी मोटार. त्यात पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. नव्वदच्या दशकातील रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते आणि इथेनॉल ओलावा ओढून घेते. महिनोन् महिने टाकी भरून उभ्या राहणाऱ्या गाडीला, त्यातही मुंबईच्या पावसाळ्यात, हे चांगले नाही.

मग मालक ती विकून का टाकत नाहीत?

कारण या गाडीत चालकाला अजून काम असते. तिचा गिअरचा दांडा खाचा कापलेल्या धातूच्या पट्टीतून फिरतो आणि प्रत्येक बदलाला 'टक्' असा आवाज येतो. १९९७ मध्ये याच गाडीत फेरारीने शर्यतीच्या मोटारींसारखी, स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलण्याची 'एफ१' पद्धत आणली. रस्त्यावरच्या फेरारीत ती पहिल्यांदाच आली. तेव्हा तिचे कोण कौतुक होते. आज मात्र हाताने गिअर बदलायच्या गाड्यांना बऱ्याच जास्त किमती मिळतात आणि काही मालक 'एफ१' यंत्रणा खर्च करून काढून टाकतात.

सहा हजार फेऱ्यांच्या पुढे या इंजिनाचा आवाज बदलतो. मागे टर्बो नाही, आवाज घडवणारे सॉफ्टवेअर नाही. मुंबईत रविवारी पहाटे सागरी सेतूवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा पाळायची तर दुसऱ्या गिअरच्या पुढे इंजिन ताणताच येणार नाही, पण त्या दोन गिअरमध्येही ते पूर्ण ऐकता येते.

मालकांपुढचा खरा पेच वेगळाच आहे. गेल्या काही वर्षांत किमती पुन्हा चढल्या. हाताच्या गिअरच्या चांगल्या 'एफ३५५'ला आज परदेशात लाखभर डॉलरहून अधिक मिळतात. त्यामुळे देखभालीचा खर्च कागदावर तरी वसूल होतो. पण त्याच वेळी प्रत्येक किलोमीटरला किंमत आली. ५० हजार डॉलरची गाडी लोक बिनधास्त पळवत. दीड लाखाची झाल्यावर तीच गाडी चादरीखाली, चार्जर लावून उभी राहिली. आणि तिथे तिचे सील पुन्हा सुकू लागले.

जे चालवतात ते एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकतात. गार गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर पडत नाही. जोर लावायचा नाही. पहिल्यावरून थेट तिसरा घ्यायचा, इंजिन तीन हजारांच्या खाली ठेवायचे आणि पंधरा-वीस मिनिटे सावकाश फिरायचे. तेल गरम झाले की दांडा न अडखळता दुसऱ्याच्या खाचेत जातो.