गांवांच्या जाळ्यांत मोक्याचें ठिकाण कोणतें?

अमुक गांव मोठें, तमुक गांव महत्त्वाचें, असें आपण सहज बोलून जातों. परंतु रस्त्याच्या दुरुस्तीस किंवा सोसायटीच्या गोदामास पैसे थोडे व मागणारे पुष्कळ असले म्हणजे नुसत्या बोलण्यानें निभाव लागत नाहीं. ज्याचा आवाज मोठा त्याचें गांव महत्त्वाचें ठरतें, आणि खरी नड असलेलें ठिकाण मागें राहतें. महसूल खात्यांत नकाशे व आकारणीचे कागद हाताळण्यांत आमची उमर गेली. या प्रश्नाचें उत्तर मोजून काढतां येतें, हें आम्ही पिंपळनेरकडील शेतकरी बंधूंस येथें सांगूं इच्छितों.

रीत अशी. प्रत्येक गांवास एक ठिपका द्यावा व जेथें गाडीरस्ता असेल तेथें दोन ठिपक्यांमध्यें रेघ ओढावी. रस्त्याचीं वळणें, गांवाची लोकवस्ती, सर्व तूर्त बाजूस ठेवावें. आयलर नांवाच्या गणितज्ञानें १७३६ सालीं सात पुलांचें एक कोडें याच युक्तीनें सोडविलें, व तेथूनच या शास्त्राचा पाया पडला. पुढें अमेरिकेंतील समाजशास्त्रज्ञ लिंटन फ्रीमन यांनीं १९७७ व त्यानंतरच्या लेखांतून महत्त्व मोजण्याचीं मापें नीट लावून दिलीं. त्यांपैकीं तीन आपल्या उपयोगाचीं आहेत.

समजा, क, ख, ग, घ, च, छ, ज अशीं सात गांवें आहेत. क, ख व ग हीं तिन्ही एकमेकांस जोडलेलीं आहेत; तशींच च, छ व ज हींही. घ हें ओढ्याच्या कांठचें लहान गांव असून त्यास दोनच रस्ते, एक क कडे व एक च कडे.

पहिलें माप रस्त्यांच्या संख्येचें. क व च यांस प्रत्येकीं ३ रस्ते, बाकी सर्वांस दोन दोन. या मापानें घ सामान्यच ठरतें. दुसरें माप जवळिकीचें. एका गांवाहून बाकीच्या सहा गांवांस जाण्यास किती टप्पे पडतात त्यांची बेरीज करावी. घ ची बेरीज १०, क ची ११, आणि ख ची १५ येते. बेरीज जितकी कमी तितकें गांव मध्यवर्ती. तिसरें माप मध्यस्थीचें. इतर गांवांच्या किती जोड्यांची जवळची वाट या गांवांतून जाते, हें मोजावें. घ मधून ९ जोड्यांची वाट जाते, क मधून ८, ख मधून एकाही जोडीची नाहीं. तात्पर्य, रस्ते दोनच असूनही घ पुढील मोरी वाहून गेली तर सात गांवांचे दोन तुकडे होतात. गोदाम बांधणें असेल तर दुसरें माप पाहावें. मोरी आधीं कोठें बांधावी हें ठरविणें असेल तर तिसरें.

खानदेशांतील रेल्वेचें उदाहरण घ्या. भुसावळीहून मुंबई, इटारसी व नागपूर या तिन्ही दिशांस मार्ग जातात. तें पहिल्या मापानें श्रेष्ठ. परंतु १९०० सालीं सुरू झालेल्या चाळीसगांव-धुळें फांट्यानें मुंबईस जाणाऱ्या धुळेंकरास चाळीसगांव टाळतां येत नाहीं. त्याच्यापुरतें तेंच ठाणें मोक्याचें.

आतां पाण्याकडे वळूं. पांझरेच्या कांठीं बंधारा, पाट व चाऱ्या यांवर चालणारी फडपद्धति आपल्या वाडवडिलांनीं उभी केली. जमिनीचे साधारणपणें चार फड, एका फडांत एकच पीक, आणि पाणी पाटकऱ्याच्या हातीं, असा तो बंदोबस्त होता. रस्त्यास दुसरी वाट असूं शकते. पाटाच्या पाण्यास बहुधा नसते, आणि तें उलटही वाहत नाहीं. म्हणून येथें जोड्या न मोजतां खालचें क्षेत्र मोजावें. एका पाटास क्रमानें १०, २०, ३० व ४० एकरांच्या चार चाऱ्या आहेत असें धरा. दुसऱ्या व तिसऱ्या चारीच्या मध्यें पाट फुटला तर ७० एकर कोरडे राहतात. शेवटची चारी फुटली तर ४०. तरीही शेंडाच्या शेतकऱ्याचें नुकसान दोन्ही वेळां सारखेंच, आणि वरच्या १० एकरवाल्याचें एकदांही नाहीं. सभेंत वरचे लोक दुरुस्तीविषयीं स्वस्थ कां बसतात, याचें कारण या आंकड्यांत आहे.

एक सावधगिरीची सूचना. ठिपका म्हणजे गांव नव्हे. ज्या वाडीवर एकच वाट जाते तिचें महत्त्व या मापांनीं शून्याजवळ येईल. पण बाळंतिणीस दवाखान्यांत नेण्याची तीच वाट असते. मोजणीनें खर्चाचा क्रम लागतो. कोणास अजिबात वगळावें हें ती सांगत नाहीं.

करितां आगामी सभेपूर्वीं प्रत्येक गांवानें आपल्या रस्त्यांचा व पाटाचा असा एक कागद तयार करावा, बेरजा सर्वांसमक्ष कराव्या, आणि मग दुरुस्तीचा ठराव मांडावा. आंकडे फळ्यावर आले म्हणजे शेंडाच्या शेतकऱ्यास आवाज चढविण्याचें कारण राहणार नाहीं.