पंक्चर काढा, पण रस्त्यावर नाही

डिसेंबरमधल्या एका रविवारी सकाळी सातच्या सुमारास आमच्या अपघात विभागात एका सायकलस्वाराला आणलं. वय ४२, शुद्ध पूर्ण, उजव्या मांडीचं हाड मोडलेलं. महामार्गाच्या कडेला, पांढऱ्या पट्टीलगत उकिडवा बसून तो मागच्या चाकाचं पंक्चर काढत होता. पाठ वाहनांकडे होती आणि धुकं दाट होतं. टेम्पोवाल्याला तो दिसेपर्यंत उशीर झाला होता.

मी स्वतः सुट्टीच्या दिवशी सायकल चालवतो, म्हणून त्याच्या मित्राला विचारलं, ‘सामान नव्हतं का बरोबर?’ सामान सगळं होतं. नवी ट्यूब होती, चांगल्यातला पंप होता. पण ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा. आणि पंपाचं तोंड मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हला बसणारं. दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण ते दोघे पाऊण तास त्याच जागी खटपट करत होते.

घरी आल्यावर मी माझी सीटखालची पिशवी टेबलावर रिकामी केली. सोल्युशनची नळी वाळून कडक झालेली. जादा ट्यूब दोन वर्षं टायर लिव्हरला घासून तिलाच भोक पडलेलं. म्हणजे मीही इतकी वर्षं निव्वळ नशिबावर फिरत होतो.

आधी निदान

हवेचा टायर १८८८ मध्ये पेटंट करणारा जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला पशुवैद्य. मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी व्हावेत म्हणून त्याने तो बनवला. धक्के कमी झाले, पंक्चर मात्र सुरू झालं. तेव्हा टायर चाकाला चिकटवलेला असे आणि दुरुस्तीला तासन् तास लागत. मिशलँ बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला आणि १८९१ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत तोच टायर लावून शार्ल तेराँने जिंकली. आज आपण रस्त्यावर ट्यूब बदलू शकतो ती या सोयीमुळे.

पण ट्यूब बदलणं हा उपचार झाला. निदान न करता उपचार केला की आजार उलटतो, तसंच इथेही होतं. नवी ट्यूब घातली आणि शंभर मीटरवर पुन्हा हवा गेली, हा अनुभव अनेकांना आहे. कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो.

आपल्याकडे गुन्हेगार ठरलेले आहेत. पावसाळा संपला की रस्त्याकडेला सराटे वाळतात. त्याचा दाणा कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. माळरानावर वेड्या बाभळीचे काटे असतात. महामार्गावर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेली बारीक पोलादी तार असते, ती तर डोळ्यांना दिसतही नाही. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन भोकं असतील, सापाने दात रोवल्यासारखी, तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेला ट्यूब रिमखाली चिमटली, एवढाच त्याचा अर्थ.

काटा शोधताना टायरच्या आतून उघडं बोट जोरात फिरवू नका. जाड फडकं फिरवा. ते जिथे अडेल तिथे काटा. तरीही टोचलंच तर धनुर्वाताचा विचार करा. गंज लागलेल्या लोखंडाने धनुर्वात होतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. दोष गंजाचा नाही. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात आणि खोल, हवा न पोचणाऱ्या जखमेत ते वाढतात. म्हणून रस्त्यावरच्या काट्याचं टोचणंही पुरेसं असतं. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. हळद, ग्रीस किंवा माती लावू नका. लहानपणचे डोस पूर्ण झाले असतील तरी मळक्या, खोल जखमेसाठी शेवटच्या डोसला पाच वर्षांहून जास्त काळ झाला असल्यास पुन्हा टोचून घ्यावं लागतं. सरकारी रुग्णालयात आता टीटीऐवजी टीडी लस देतात. तिच्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं.

पिशवीतल्या वस्तू

पहिली वस्तू जादा ट्यूब. आपल्या टायरच्या मापाची, आपल्या रिमला बसणाऱ्या व्हॉल्व्हची, आणि जुन्या मोज्यात किंवा फडक्यात गुंडाळलेली, म्हणजे ती घासणार नाही. ठिगळ रस्त्यात लावत बसण्यापेक्षा ट्यूब बदला आणि फाटकी घरी आणून सावकाश दुरुस्त करा. ठिगळाचं सामान दुसऱ्या पंक्चरसाठी.

ठिगळ लावताना बहुतेक जण घाई करतात. आधी काचकागदाने ट्यूब खरवडायची, सोल्युशन पातळ पसरायचं आणि त्याची ओली चमक जाईपर्यंत काही मिनिटं थांबायचं. त्यातलं द्रावक उडून गेल्यावरच ठिगळ रबराशी एकजीव होतं. हे द्रावक ज्वलनशील असतं, म्हणून जवळ सिगारेट-काडी नको. आणि घरी ही नळी मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. सोल्युशन हुंगण्याची सवय लागलेली मुलं सरकारी रुग्णालयात आम्ही पाहतो.

दुसरी वस्तू दोन प्लॅस्टिकचे टायर लिव्हर. घरातला स्क्रूड्रायव्हर वापरू नका. तो निसटला की तळहातात घुसतो आणि तिथे बोटं हलवणाऱ्या शिरा असतात. शिवाय नव्या ट्यूबलाही तो भोक पाडतो.

तिसरी वस्तू पंप. छोट्या पंपाने चाक पुरेसं भरायला दोनशे-तीनशे हात मारावे लागतात. शेवटी जोर वाढतो, माणूस नकळत श्वास रोखतो आणि त्या क्षणी रक्तदाब चढतो. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयविकार आहे त्यांनी बोलता येईल अशा बेताने, थांबत थांबत हवा भरावी. छातीत दडपण आलं तर पंप खाली ठेवून मदत मागावी.

काही जण पंपाऐवजी कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी नेतात. चाक काही सेकंदांत भरतं, पण तिच्यातला द्रव वायू बाहेर पडताना इतका गार होतो की धातूवर बर्फ धरतो आणि उघडी त्वचा भाजल्यासारखी जखमी होते. हातमोजा किंवा फडकं हवंच. हा वायू रबरातून लवकर झिरपतो, तेव्हा घरी आल्यावर ती हवा काढून साधी हवा भरा. नळकांडी असली तरी पंप सोडू नका. ती एकदाच चालते.

याखेरीज षट्कोनी पान्यांचा एक जुडगा, टायर चिरला तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा आणि हातमोजे. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. त्यात शरीरासाठी तीन गोष्टी घाला: ओआरएसची पुडी, चिकटपट्टी आणि घरच्यांचा फोन नंबर व रक्तगट लिहिलेली चिठ्ठी. मे महिन्यात सायकल ढकलत पाच-सहा किलोमीटर चालायची वेळ आली, तर ट्यूबपेक्षा पाणी आणि पुडी जास्त उपयोगी पडतात.

बसायचं कुठे?

पुण्या-मुंबईत ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या होतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे आणि वाटेतली दुरुस्ती स्वतःची स्वतः करायची. रात्री दिवे आणि परावर्तक जाकीट सक्तीचं. हा नियम आपण रोजच्या फेरीलाही लावावा.

हवा गेली की लगेच खाली बसायचं नाही. रिकाम्या चाकाने सायकल ढकलली तर टायरचं थोडं नुकसान होईल, होऊ द्या. कठड्यापलीकडे, पेट्रोल पंपावर, टपरीच्या अंगणात, निदान डांबरापासून चार-पाच मीटर आत जा. वळणावर किंवा पुलावर कधीच थांबू नका. मागचा लाल दिवा चालू ठेवा, तोंड येणाऱ्या वाहनांकडे ठेवा. दोघे असाल तर एकाने काम करायचं, दुसऱ्याने रस्ता बघायचा.

तो रुग्ण चार महिन्यांनी कुबडी टाकून तपासणीला आला. पंक्चरने त्याचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते जागेने, आणि त्या जागी गेलेल्या पाऊण तासाने. हा वेळ वाचवायची तयारी घरीच होते. येत्या रविवारी निघण्याआधी अंगणात किंवा गच्चीवर मागचं चाक एकदा काढा. ट्यूब बदला, हवा भरा आणि वापरा फक्त पिशवीतलंच सामान. जे अडेल, ते तिथे अडू द्या.